शनवार डाक्टरांची दारफाळणी

गेल्या उन्हाळ्यात शमुवेल डॉक्टर गेले. तरी अजून दुकानात कोणी घाईघाईने शिरलं, की मी आधी काउंटरवरच्या बाटल्या सांभाळतो. डॉक्टर आले की काही ना काही हलायचंच. ओतूरला स्टँडमागच्या गल्लीत माझं जनावरांच्या औषधांचं दुकान आहे, आणि दुकानाच्या बरोब्बर समोर त्यांचं घर. एवढी वर्षं समोरासमोर काढली, पण या माणसाला एका जागी स्वस्थ बसलेलं मी कधी पाहिलं नाही. बाकड्यावर टेकले न टेकले की उठायचे, कॅल्शियमच्या बाटल्यांची तोंडं एका रेषेत करायचे, माझं कॅलेंडर सरळ टांगायचे, बाहेर जाऊन आभाळ बघून यायचे, आणि आल्यावर विचारायचे, "काय शेठ, आज गर्दी नाही?" गर्दी होती ती त्यांनीच पांगवलेली असायची.

"डॉक्टर, पायाला भिंगरी बांधून जन्माला आलात का?" मी एकदा वैतागून विचारलं.

"नाही हो. आमच्या पूर्वजांचं जहाज कोकणात फुटलं असं सांगतात. किनाऱ्याला लागल्यापासून आम्ही जरा घाबरूनच उभे असतो."

डॉक्टर बेने इस्राएल. म्हणजे ज्यू, पण अलिबागकडचे, पिढ्यान्पिढ्या मराठी बोलणारे, आडनावाच्या शेवटी गावाचं नाव आणि 'कर' लावणारे. त्यांचे आजे-पणजे तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून कोकणात त्यांना शनिवार तेली म्हणत. हे डॉक्टरांनी स्वतःच कधीतरी चहाच्या टपरीवर सांगितलं. झालं! दुसऱ्या दिवसापासून अख्ख्या पंचक्रोशीत ते 'शनवार डाक्टर' झाले. दुसरा कोणी रागावला असता. हे खूश.

गुरांचे डॉक्टर म्हणून सरकारी नोकरीत ते आधी तिकडे आंबेगावात, शिनोलीला होते. मग बदलून आमच्याकडे आले आणि निवृत्त झाल्यावरही इथंच राहिले. मुलगी पुण्यात होती, बोलवायची. पण पुण्यात गोठे नाहीत, मी तिथं कोणाच्या तोंडात हात घालू, असं ते म्हणायचे.

शनिवार हा त्यांच्या आठवड्यातला सगळ्यात अवघड दिवस. त्या दिवशी मोटारसायकलला हात नाही, चूल पेटवायची नाही, शुक्रवारी करून ठेवलेलं खायचं. शुक्रवारी दिवस मावळायला त्यांच्या बायको लीयाबाई दोन दिवे लावायच्या, आणि तिथून पुढे डॉक्टरांचे हाल सुरू. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हात मागे बांधून फिरायचे. माझ्या दुकानात यायचे, बाटल्यांकडे पाहायचे, हात पुढे करायचे आणि परत मागे घ्यायचे. मला हसू आवरायचं नाही.

"शेठ, हसू नका," ते म्हणायचे. "देवाने सहा दिवसांत जग केलं, त्याचं मला काही वाटत नाही. सातव्या दिवशी तो थांबला कसा, त्याचं आश्चर्य वाटतं."

"मग कशाला हा छळ? कोण बघतंय तुम्हाला ओतुरात?"

"हात चालवणं कोणालाही येतं. आवरणं शिकावं लागतं. मी अजून बालवर्गात आहे."

शनिवारी कोणाचं जनावर अडलं, तर मात्र जायचे. जवळ असेल तर चालत. लांब असेल तर बोलवायला आलेल्याच्या गाडीवर मागे बसून. मागे बसलेलं चालतं का, असं मी खवचटपणे विचारलं, तर म्हणाले, "पुण्यातले आमचे जाणते लोक नाही म्हणतील. हा माझा आणि देवाचा आपसातला तह आहे. तुम्ही मध्ये पडू नका."

एकदा येडगावला गेलो होतो त्यांच्याबरोबर. धरणाकडेच्या मळ्यात एका बागाईतदाराच्या बैलाचा खांदा सुजला होता. तपासणी झाल्यावर त्या घरच्यांनी आम्हाला ओसरीवर बसवलं, पोहे आणले, चहा आणला. डॉक्टरांनी बशी हातात घेतली आणि विचारलं, "जनावरांना टाकलं का?"

"टाकतील की पोरं. तुमी घ्या, गार व्हतंय."

डॉक्टरांनी बशी खाली ठेवली. आमच्या धर्मात आधी जनावर खातं मग माणूस, म्हणाले. असं पुस्तकात लिहिलंय, आधी गुरांचं गवत येतं आणि नंतर 'तू खा' येतं. मालक गोंधळला. शेवटी त्याने स्वतः उठून वैरण टाकली, आणि ती बैलांनी तोंडात घेईपर्यंत आम्ही सगळे पोह्यांकडे बघत बसलो. पोह्यांचा पार दगड झाला. वरून डॉक्टरांनी त्याला बैलाच्या विश्रांतीवर सुनावलं. आठवड्यातून एक दिवस बैलाच्या खांद्यावर काही ठेवायचं नाही, हा देवाचा हुकूम आहे, दहा हुकमांतला एक, त्यात बैलाचा उल्लेख आहे.

"आमी पोळ्याला देतो की सुट्टी," तो म्हणाला.

"वर्षातून एक दिवस! आमच्यात दर आठवड्याला पोळा असतो."

हे वाक्य त्या माणसाला इतकं आवडलं, की पुढे कित्येक दिवस तो भेटेल त्याला सांगायचा, शनवार डाक्टरांच्यात दर हप्त्याला पोळा असतो राव. बैलाला सुट्टी द्यायला लागला की नाही, ते काही मला कळलं नाही.

खाण्याच्या आधी काहीतरी पुटपुटायचे. झाडाच्या फळाला एक आशीर्वाद, जमिनीतून येणाऱ्याला दुसरा. दुकानात कोणी द्राक्षं आणली, तर झाडाचा. केळी आणली, तर जमिनीचा. यावरून माझ्या दुकानात एकदा अर्धा दिवस वाद चालला. केळीला झाड न म्हणणारा माणूस जनावरांचा डॉक्टर कसा होऊ शकतो, असं एकाचं म्हणणं. डॉक्टर त्याला शांतपणे सांगत होते की केळीचं खोड एकदा घड देऊन मरतं, ते झाड कसलं? शांतपणे म्हणजे, सांगताना त्यांनी माझ्या वजनकाट्याची सगळी वजनं दोनदा पुसून काढली.

"पण देवाला काय फरक पडतो डाक्टर, झाड म्हना न्हाईतर गवत?"

"देवाला काही नाही. मला पडतो. तोंडात टाकण्याआधी हे कुठून आलं, एवढं तरी बघतो मी. नाहीतर मी काय, दिसलं की गिळलं."

मला त्यांच्या धर्मातलं फार कळत नाही. पण डॉक्टरांचा धर्म असा होता. देवाबद्दल बोलता बोलता गाडी बैलाच्या खांद्यावर नाहीतर केळीच्या खोडावर येऊन थांबायची. मोठं तत्त्वज्ञान त्यांना जमायचं नाही, जमलं तरी तेवढा वेळ बसवायचं नाही.

त्यांच्या दाराच्या उजव्या चौकटीला एक लहानशी नळी तिरकी ठोकलेली होती. आत चर्मपत्रावर प्रार्थना असते म्हणे. येता-जाता तिला बोटं लावून ओठांना लावायचे. आमच्या गल्लीत ती लसीची नळी आहे असा पुष्कळ दिवस समज होता. लीयाबाई हसत सांगायच्या, "असू दे, लसच आहे ती. घरातलं भांडण बाहेर जाऊ नये आणि बाहेरची घाण घरात येऊ नये म्हणून." लीयाबाई शांत होत्या, अगदी डॉक्टरांच्या उलट. बांगड्या, कुंकवाशिवाय कपाळ, नऊवारी नाही पण साडी नीट चापून नेसलेली. काही मनासारखं झालं की त्या मलिदा करायच्या. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची, वर फळं, आणि एलियाहू नबीच्या नावाने प्रार्थना. माझ्या मुलीला नोकरी लागली तेव्हा मलिदा त्यांच्या घरी झाला, आमच्या घरी नाही. एवढ्यावरून काय ते समजा.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ती सांगताना मला अजून अस्वस्थ व्हायला होतं.

त्यांच्या वर्षाची सुरुवात नव्याच्या सणाने होते. आपली घटस्थापना होते ना, बहुतेक त्याच सुमाराला. तिथून दहाव्या दिवशी दारफाळणीचा सण. आदल्या दिवशी सूर्य मावळल्यापासून दुसऱ्या दिवशी चांदण्या निघेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. पांढरे कपडे घालायचे, घराचं दार लावून घ्यायचं आणि वर्षभराच्या चुकांची माफी मागायची. बाहेरच्याशी बोलायचं नाही, कोणी आलं तरी ओ द्यायची नाही, अशी लीयाबाईंच्या माहेरची जुनी कोकणातली रीत. दुसऱ्या दिवशी शिळा सण. त्या दिवशी दारं उघडून सगळ्यांकडे जायचं, गोड द्यायचं, गरिबाला काही द्यायचं.

दहावा दिवस म्हणजे कधी कधी नेमका आपला दसरा! सगळं ओतूर आपट्याची पानं घेऊन दारोदार फिरतंय, सोनं घ्या सोनं घ्या चाललंय, आणि डॉक्टरांचं दार बंद. नव्याने आलेल्या एखाद्याला वाटायचं, काय शिष्ट माणूस आहे. आम्ही सांगायचो, उद्या येतील, उद्या त्यांचा शिळा सण.

लीयाबाई होत्या तेव्हा एका दारफाळणीला कोणीतरी फुगलेली शेळी खांद्यावर घालून आला आणि दार बडवायला लागला. मी दुकानातून पाहत होतो. थोड्या वेळाने दार उघडलं, डॉक्टर पांढऱ्या कपड्यांत बाहेर आले. आले म्हणजे, लीयाबाईंनी त्यांना पाठीत हात घालून बाहेर लोटलं होतं. शेळी वाचली. डॉक्टर माझ्याशी एक अक्षर न बोलता परत आत गेले आणि दार लागलं.

मग लीयाबाई गेल्या. त्यानंतरची पहिली दारफाळणी दसऱ्याच्या दिवशीच आली. डॉक्टरांनी ठरवलं होतं, या वर्षी लीयाच्या रीतीने अगदी काटेकोर पाळायची. खिडक्यासुद्धा लावल्या, मोबाइल बंद केला. आणि त्या दुपारी मांडवी नदीपलीकडच्या वस्तीवरचे नामदेवराव आले. त्यांची हरणी नावाची पहिलारू गाय अडली होती, वासरू आडवं आलं होतं. नामदेवरावांनी कडी वाजवली, हाका मारल्या, "डाक्टर, ओ डाक्टर, जरा उघडा." सकाळपासून दहाजण तशाच हाका मारून गेले होते, सोनं द्यायला. डॉक्टरांना वाटलं, हेही सोनंच घेऊन आलेत. ते उठले नाहीत.

मी त्या दिवशी सासुरवाडीला गेलो होतो, दुकान बंद. दुसरा डॉक्टर आळेफाट्याकडून यायला संध्याकाळ झाली. गाय गेली, वासरूही गेलं.

दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, डॉक्टर मिठाईचा पुडा घेऊन दुकानात आले आणि त्यांना ते कळलं. पुडा काउंटरवर तसाच ठेवून ते मोटारसायकल काढून वस्तीवर गेले. परत आल्यावर माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "जनावराच्या यातना थांबवायला आमच्यात सणाचं बंधन सैल करता येतं. हे मला पाठ होतं शेठ. पाठ होतं! लीया असती तर तिने मला लोटलं असतं."

तेव्हापासून त्यांची चुळबुळ वेगळी झाली. आधी ती मौजेची होती. आता बघवत नव्हती. बोलता बोलता मध्येच थांबून दाराकडे कान लावायचे. दारावर कोणी टकटक केली की हातातला चहा सांडायचा.

त्यांच्या शिकवणुकीत असं आहे, की देवाचा अपराध केला असेल तर दारफाळणीच्या उपासाने तो फिटतो. माणसाचा केला असेल तर उपास करून काही होत नाही. त्या माणसाकडेच जावं लागतं, आणि त्याने तोंडाने क्षमा केली म्हणावं लागतं. म्हणून दर वर्षी नव्याचा सण झाला की डॉक्टर वस्तीवर जायचे. नामदेवराव खाली मान घालून म्हणायचे, "जाऊ द्या डाक्टर, गाईचं नशीब." चहा पाजायचे, रस्त्यापर्यंत सोडायला यायचे. पण क्षमा केली असं नाही म्हणायचे. डॉक्टर परत येऊन मला विचारायचे, "जाऊ द्या म्हणजे क्षमा झाली का हो?" मी म्हणायचो झाली. त्यांना पटायचं नाही.

पुढे नामदेवरावही आजारपणात गेले. मग डॉक्टर त्यांच्या बायकोकडे, हौसाबाईंकडे जायला लागले. बाई तोंडाने तिखट. पहिल्याच वर्षी म्हणाल्या, "मला काय इचारता? माझं काय गेलं? जिचं गेलं तिला इचारा."

मी डॉक्टरांना समजावलं. तुमच्यातच नियम आहे ना, तीनदा मागितली आणि समोरच्याने नाही दिली, तर ओझं उतरलं म्हणून? झालं की तीनदा.

"नियमाने उतरलं," ते म्हणाले. "झोप कुठे येते?"

आणि मग त्यांनी बाईंचं ते बोलणं शब्दशः घेतलं. हे फक्त डॉक्टरच करू जाणे. त्यांच्यात रीत आहे, ज्याचा अपराध केला तो मेला असेल, तर दहा माणसं घेऊन त्याच्या कबरीवर जायचं आणि त्या दहांसमोर कबूल करायचं. हरणीला बांधाच्या कडेला पुरलं होतं. गेल्या वर्षी घट बसले आणि डॉक्टर दुकानात येऊन म्हणाले, "शेठ, मला दहा माणसं पाहिजेत."

पुण्याला फोन करून झाला होता. तिथल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं, दहा माणसं आपली लागतात, आणि रीत माणसासाठी आहे, गाईसाठी नाही. डॉक्टरांनी फोन ठेवला आणि ओतुरातले दहा जमवायला निघाले. मी, शेजारचा न्हावी किसन, टपरीवाला, एक रिटायर्ड कंडक्टर, दूध डेअरीतले दोघं, असे मिळून. गाईची माफी मागायला जायचंय म्हटल्यावर निम्मे हसले, पण आले सगळे. शनवार डाक्टरांना नाही म्हणणारा आमच्यात कोणी नव्हता. एका टेम्पोत दाटीवाटीने बसून गेलो. कंडक्टर सवयीने सगळ्यांना आत सरका म्हणत होता.

बांधावर आम्ही अर्धगोल करून उभे राहिलो. जमिनीत काही दिसत नव्हतं, गवत माजलेलं. डॉक्टरांनी टोपी घातली. पहिल्यांदाच त्यांचे हात हलत नव्हते. ते म्हणाले, "मी देवाचा आणि या हरणीचा अपराध केला. ती अडली होती आणि मी गेलो नाही." आमच्यात हसायला आलेले होते, त्यांचंही तोंड उतरलं.

हौसाबाई गोठ्यातून पाहत होत्या. शेणाचे हात तसेच घेऊन तरातरा आल्या.

"ह्यो काय तमाशा लावलाय माझ्या रानात?"

"तुम्हीच म्हणालात, तिला विचारा..."

"मी म्हनले! अहो, मानूस रागानं बोलतं! डाक्टर, गाय मेली त्याचं दुख आमाला झालं, न्हाई कशाला म्हनू? पन गाई मरत्यात. आमी शेतकरी हाओत, आमाला काय म्हाईत न्हाई का? तुमी दर वर्षी येता आन् गाय गाय करता. एकदा तरी ह्येंचं नाव काडलं का?"

बाईंनी शेणाचा हात ओतूरच्या दिशेने केला.

"हे तुमच्या दारात उभं व्हते. हाका मारल्या. आतनं तुमचा खोकला आयकू आला त्येंना. घरी येऊन मला काय म्हनले, म्हाईतय? म्हनले, डाक्टर घरात हाय, पन आज आपला त्येंना इटाळ हाय. येवढा देवमानूस आन् 'कोन हाय' म्हनून इचारलं बी न्हाई. मरस्तवर त्येंच्या मनातनं ते गेलं न्हाई. तुमच्यापुडं बोलले न्हाईत, लाजंकाजंचा मानूस. आन् तुमी गाईची माफी मागत बसलाय!"

दूध डेअरीतला एकजण चपलेने माती उकरत होता.

डॉक्टरांनी टोपी काढली, परत घातली. मग आम्हा दहांकडे वळून, खालच्या आवाजात, शब्द शोधत बोलले. "मी नामदेवरावांचा अपराध केला. ते माझ्या दारात आले. मला त्यांचा आवाज ऐकू आला. मी त्यांना ओ दिली नाही. विटाळ म्हणून नाही, पण त्यांना तसं वाटलं, आणि ते तसंच समजून गेले." एवढं बोलून ते हौसाबाईंकडे वळले, पण बाई तोवर पाठ फिरवून गोठ्याकडे निघाल्या होत्या.

परतीच्या टेम्पोत कोणी आत सरका म्हणालं नाही. मला डॉक्टरांचा फार कळवळा आला, आणि खरं सांगायचं तर रागही आला. जनावराच्या पोटातलं वासरू बाहेरून हात लावून ओळखणारा हा माणूस, याला समोर उभ्या माणसाच्या पोटातलं इतकी वर्षं कळू नये?

तीनच दिवसांनी दसरा. आणि पुन्हा दारफाळणी त्याच दिवशी. आदल्या संध्याकाळी उपास सुरू व्हायच्या आधी डॉक्टर येऊन सांगून गेले, "उद्या मी दार उघडं ठेवणार आहे."

"मग ती दारफाळणी कसली?"

"माहीत नाही," ते म्हणाले, आणि माझं कॅलेंडर सरळ न करताच निघून गेले.

सकाळी मी दुकानात काटा-बाटल्यांची पूजा केली, झेंडूची माळ बांधली आणि समोर पाहिलं. डॉक्टर पांढऱ्या सदरा-लेंग्यात उंबऱ्यात उभे. हातात प्रार्थनेचं पुस्तक. येईल त्याला ओ देत होते. "या या. कोण? हां, किसन. ठेव सोनं." एक ओळ वाचायचे की दुसरा यायचा. पुस्तक मिटायचं, उघडायचं. पोटात ना अन्न ना पाणी, तरी खाली बसत नव्हते. प्रार्थना धड होत नव्हती आणि स्वागतही. मला पाहवेना.

ऊन चढलं तेव्हा एसटीतून उतरून हौसाबाई आल्या. पदरात आपट्याची पानं. डॉक्टरांनी त्यांना पाहिलं आणि पुस्तक मिटून काखेत धरलं. मी काउंटर सोडून बाहेर आलो.

बाईंनी पानं त्यांच्या हातात ठेवली. मग त्यांच्याकडे, उघड्या दाराकडे, आत टेबलावर ठेवलेल्या लीयाबाईंच्या फोटोकडे पाहिलं.

"आज तुमचा तो सण ना?"

"हो."

"मग दार का उगडं?"

"कोणी आलं, तर..."

"कोनी आलं तर मी हाय." बाई पायरीवर बसल्या. फतकल मारून, इथून हलायचं नाही अशा. "तुमी दार लावा आन् देवाचं करा. कोन आलं, कशाला आलं, मी इचारते. निकडीचं असलं तर हाक मारीन. सोनं द्यायला आलेलं मी घेऊन ठेवते."

"हौसाबाई, तुम्ही मला क्षमा..."

"माफीबिफी मला बोलाया येत न्हाई. हितं बसले, त्यात काय ते समजा. लावा दार."

डॉक्टर आत गेले. दार लागलं. आणि दिवसभर त्या बाईने तिथं ठाण मांडलं. "डाक्टरांचा सण हाय, उद्या या." "काय हाय ते मला सांगा. म्हस दूद चोरती? ती काय आज मरत न्हाई." मी पाणी नेलं तर घेतलं नाही. म्हणाल्या, आत त्यो मानूस तहानलाय, मी कशी पिऊ? दुपारी मी जवळून गेलो तेव्हा आतून प्रार्थनेचा आवाज येत होता, एकसारखा, मध्ये कुठं न तुटणारा.

दिवस मावळला. सीमोल्लंघनाला गेलेली माणसं परतायला लागली. हौसाबाई गुडघ्यांवर हात टेकून उठल्या, गल्लीच्या मध्यावर जाऊन त्यांनी आभाळ नीट न्याहाळलं, आणि परत येऊन कडी वाजवली.

"डाक्टर, निगाल्या चांदन्या. उगडा."

आत पावलं दारापर्यंत आली आणि थांबली. बाहेर कोण आहे, हे त्यांना सकाळपासून ठाऊक होतं. तरी दार उघडायच्या आधी साऱ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा त्यांनी विचारलं, "कोण आहे?"

बाईंनी पदर सारखा केला.

"मी हौसा," त्या म्हणाल्या. "नामदेवाच्या घरची."

मग आतली कडी निघाली.